बाभळीखालची हाक

सोनाजी, ही गोष्ट मी चाळीस वर्षं टाळली. टाळली म्हणजे गप्प बसलो असं नाही. उलट पुष्कळदा सांगितली, पण दुसऱ्याच तऱ्हेने. पातूरच्या वाटेवर, तुमच्या गावाच्या अलीकडे, नाल्याजवळ तीन बाभळी आहेत. तिसऱ्या बाभळीखाली भूत आहे, ते भर दुपारी माणसाला नावाने हाक मारतं आणि ओ दिली की त्याचं काहीतरी कायमचं घेऊन जातं, हे त्या भागात सगळ्यांना माहीत आहे. गाडीवान तिथे आले की आपसातलं बोलणं थांबवतात. माझ्या नातवंडांनाही ते ठाऊक आहे, कारण त्यांना ती गोष्ट मीच सांगितली. धाकटी नात विचारायची, "आजोबा, भुताचा आवाज कसा होता?" मी म्हणायचो, "माणसासारखाच."

तिथे भूत नाही. ती हाक मी मारली होती.

गेल्या आठवड्यात तुमची लेक गिरजा माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण उभं राहण्याची तऱ्हा ओळखली. एका पायावर भार, नजर समोर.

"बाबा गेले," ती म्हणाली. "सोमवारी. त्याहीनं सांगून ठेवलं होतं, अकोल्यात मोजनीचे जुने कारकून राहतेत, मी गेलो की त्याहिले जाऊन सांगजो."

"आणखी काही म्हणाले?"

"नाई. एवढंच." मग, "तुमची ओळख होती काय बाबाची?"

"होती. मोजणीतली."

एवढंच माझ्या तोंडून निघालं. ती गेल्यावर माझी सून म्हणाली, "केवढी ताठ बाई हो. एकदा तरी जी म्हणावं माणसानं." मी आत जाऊन बसलो. पुढे कोणत्या वाक्यापासून सुरुवात करावी हे ठरवण्यात चार दिवस गेले.

तेव्हा मी तुम्हाला 'अरे सोन्या' म्हणत होतो. तुम्ही माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे होता, घरी बायको होती, वस्ती तुमचा शब्द मानत होती, आणि मी अमरावतीहून आलेला, मिसरूड फुटलेला एक कच्चा कारकून. तरी 'अरे' मी म्हणायचो आणि 'जी' तुम्ही. आज तुम्हाला 'तुम्ही' म्हणतो आहे. फार उशिरा म्हणतो आहे, हे कळतं मला.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता, आणि वऱ्हाडात जिथे म्हणून काळी माती दिसेल तिथे माणसं सरकी टोबत होती. गुरांच्या वाटेवर, मसणवटीच्या कडेला, देवळामागच्या हातभर तुकड्यात. ज्या जमिनीकडे पिढ्यान् पिढ्या कुणी पाहिलं नव्हतं तिला अचानक मालक सापडू लागले. तशातच सरकारची मोजणी आली. साखळी टाकायची, निशाणं रोवायची, कुणाचं काय ते कागदावर घ्यायचं. एकदा कागदावर आलं की ते कायमचं.

तुमच्या वस्तीच्या खाली, नाल्याच्या अंगाला, तुमच्या वतनाचा हाडोळा, गावकीच्या चाकरीबद्दल मिळालेली जमीन, होता. जमीन म्हणावी तर चिंचोळी पट्टी. पण तिच्यात तिसऱ्या बाभळीच्या मुळाशी एक झिरा होता. वैशाखातही हातभर वाळू उकरली की गोड पाणी वर यायचं. गावच्या विहिरीवर तुम्हाला पाय ठेवता येत नव्हता. तेव्हा साऱ्या महारवाड्याचं पाणी म्हणजे तो एक झिरा. पट्टीला लागून पाटलांचं वावर. त्यांचं म्हणणं, बाभळींच्या वरच्या अंगापर्यंतच तुमचं, बाभळी आणि खालचं सगळं आमचं. तुमचं म्हणणं, बाभळी आमच्या आज्याने लावल्या.

बारा दिवस तुम्ही माझ्या साखळीचं एक टोक धरून चालत होता. तेवढा सहवास मला दुसऱ्या कुणाचा त्या रानात नव्हता. आपल्यामध्ये साखळीएवढं अंतर असायचं, आणि ते दोघांनाही सोयीचं होतं. तुम्हीच मला सांगितलंत की ऊन लागू नये म्हणून पागोट्यात कांदा ठेवावा. जमिनीच्या भेगांवर बसू नये, आत विंचू असतात, हेही तुम्हीच. साखळीला तुम्ही हसायचात. "एवढं लोखंड घेऊन फिरता महाराज, याच्यात गावच्या बैलाहिले नाल ठोकून झाले असते."

तुमचं 'जी' मला तेव्हा मजेचं वाटायचं. होकाराला जी, नकाराला जी, ऐकू आलं नाही तरी जी. एकदा मी म्हटलं, "सोन्या, तुला माझं म्हणणं पटतं की नाही हेच कळत नाही." तुम्ही म्हणालात, "जी." आणि मग दोघेही हसलो.

एका दुपारी आपला वाद झाला होता. तुम्ही विचारलं होतं, "तुमच्या कागदात आमचं पानी कुठं लिवता?"

"पाण्याचा खाना नाही. जमीन लिहिली की पाणी तिच्याबरोबर आलं."

"अन् जमीन दुसऱ्याची लिवली तं?"

"तर पाणीही त्याचं."

तुम्ही म्हणालात, "कागद भिजला की गेला, महाराज. पाय जमिनीले ओळखतेत."

मी म्हटलं, "पाय माणसाबरोबर जातात. कागद राहतो."

"पाहू," तुम्ही म्हणालात. तो वाद तिथेच राहिला.

मोजणीच्या साहेबाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि सांगितलं, गावाने आपल्या रीतीने ठरवावं. गाव ठरवील ती रेघ आपण ओढू, असं तो म्हणाला. रीत मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ज्याचा दावा त्याने चालायचं. पहाटे अंघोळ करायची, ओलं घोंगडं खांद्यावर घ्यायचं, त्याच जमिनीचं ढेकूळ डोक्यावर ठेवायचं आणि अनवाणी निघायचं. जिथून चालेल ती शीव. पण सुरुवातीच्या दगडापासून नाल्यापर्यंत थांबायचं नाही, मागे पाहायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. अन्नपाणी आदल्या दिवसापासून बंद. मध्ये बोलला तर चाल मोडली. जमिनीने त्याचा दावा नाकारला, असं समजायचं. मोडलेली चाल त्याला जन्मात पुन्हा चालता येत नाही.

आदल्या संध्याकाळी पाटील माझ्या राहुटीवर आले. शिधा पोचला का, तूप चांगलं आहे का, अशी चौकशी केली. मग बाजेवर टेकून म्हणाले, "महाराज, उद्या पंच मांगून चालतीन, लांब. तुमी कागद घेऊन बाजूनं. त्याच्या जवळ तुमीच."

"हो."

"उन्हाचा तान हाये. मानसाले तहान लागते. पानी पाह्यजे काय, एवढं इचारा त्याले. तिसऱ्या बाभळीपाशी."

मी म्हटलं, "तो बोलला तर चाल मोडेल ना?"

"मोडंल तं मोडंल. मी तुमाले खोटं बोला म्हनून राहिलो काय? इचारनं पाप हाये काय? तुमी अमरावतीचे. इथली रीत तुमाले काय ठावं? कोनी बोट नाई दाखवनार." मग उठता उठता, "तुमचं कायम व्हायचं काम कचेरीत अडकून हाये म्हनतेत. तिथं माझं मानूस हाये. बोलतो."

मी हो म्हटलं नाही. नाही देखील म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही निघालात. चैत्रातलं ऊन. पाटलांच्या वावरातल्या कापसाच्या पऱ्हाट्या नुकत्याच छाटल्या होत्या आणि त्यांचे टोकदार खुंट जमिनीतून वर आले होते. तुम्ही त्यांवरून चालत होता, बाजूने नाही, कारण शीव तिथूनच होती. पहिली बाभूळ गेली. तुमच्या मागे मातीवर ओले डाग उमटत होते. मला आधी वाटलं घोंगड्याचं पाणी ठिबकतं आहे. मग रंग पाहिला. दुसरी बाभूळ गेली. नाल्याच्या काठावर तुमच्या घरच्या सगुणाबाई पाण्याचं मडकं घेऊन उभ्या होत्या, चाल संपली की पहिला घोट द्यायला. त्यांच्यामागे सारी वस्ती. मुलंसुद्धा आवाज करत नव्हती.

तुमचे ओठ फुटले होते. जीभ बाहेर येऊन परत आत गेली, ते मी पाहिलं. मला खरोखर तुम्हाला पाणी द्यावंसं वाटलं, सोनाजी. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. माझ्या मनात त्या क्षणी पाटील होते की तुमची तहान होती, हे मला आजही सांगता येत नाही. पाटलांनी मला बरोबर ओळखलं होतं. त्यांनी माझ्या हाती वाईट काम दिलंच नाही. चांगलं काम दिलं आणि त्याची जागा तेवढी सांगितली.

तिसऱ्या बाभळीच्या सावलीत तुमचा पाय पडला आणि मी म्हणालो, "सोन्या, पाणी पाहिजे का रे?"

"जी," तुम्ही म्हणालात.

आपण बोललो हे तुम्हालाही नंतर कळलं. पाणी हवं म्हणून तुम्ही ते म्हटलं नव्हतं. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने नावाने हाक मारली आणि जन्मभराची सवय तोंडातून बाहेर पडली, एवढंच. बापाने शिकवलेलं, त्याच्या बापाने त्याला. हाकेला उत्तर न देणं तुमच्या अंगात नव्हतंच. रीत करणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं नव्हतं. पाटलांनी घेतलं होतं.

तुम्ही थांबलात. डोक्यावरचं ढेकूळ तसंच धरून माझ्याकडे पाहिलंत. नाला शंभर पावलांवर होता.

पंच धावत आले. "बोलला. बोलला ना हा?"

"महाराजाहीनं हाक मारली," तुम्ही म्हणालात.

तिघांपैकी सगळ्यात म्हाताऱ्या पंचाने मला विचारलं, "खरं काय महाराज? तुमी काही बोलले काय?"

इथे मी खरं बोललो असतो तर सगळं सावरलं असतं. परका आहे, रीत माहीत नव्हती, पुन्हा चालू द्या. त्या म्हाताऱ्याने दिलं असतं. तो तुमच्या बाजूने उत्तर शोधत होता, मला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. पाटलांनी मला फक्त विचारायला सांगितलं होतं. खोटं बोलायला नाही, असं तेच म्हणाले होते.

मी म्हणालो, "नाही."

ते 'नाही' माझं एकट्याचं आहे.

"मंग कोनं हाक मारली याले?" पंच म्हणाला.

"उन्हात माणसाला भास होतो," मी म्हणालो.

पाटील बाभळीकडे पाहत शांतपणे म्हणाले, "जागाच खराब हाये ते." भुताचा जन्म असा झाला. तुम्ही डोक्यावरचं ढेकूळ काढलंत, वाकून जिथलं होतं तिथे ठेवलंत, आणि परत वस्तीकडे न जाता नाल्याच्या दिशेने उरलेली शंभर पावलं चाललात. त्याचा आता काही उपयोग नव्हता. तरी चाललात.

मी कागदावर लिहिलं: 'सोनाजी महार याने तिसऱ्या बाभळीपाशी आपण होऊन तोंड उघडले, सबब चाल मोडली.' 'आपण होऊन' लिहिताना बोरूचं टोक अडकलं, म्हणून ते दोन शब्द थोडे जाड आले आहेत. कागद अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई राहुटीसमोर आल्या. लांब उभ्या राहून म्हणाल्या, "महाराज, एक इचारू?"

"विचार."

"त्याहिले कोनं हाक मारली?"

"मला ठाऊक नाही. भास झाला असेल."

त्या म्हणाल्या, "भासाले कोनी जी म्हनते काय, महाराज? आमी जी मानसाले म्हनतो." आणि गेल्या.

पावसाळ्यात माझी नोकरी कायम झाली. पाटलांनी बाभळींपर्यंत नांगर घातला. झिऱ्याच्या काठची माती सुटून आत गेली आणि तो बुजला. वस्तीच्या बायका नाल्याच्या खालच्या डोहातलं पाणी आणू लागल्या, जिथे गावची गुरं बसत. पुढच्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. सगुणाबाई तीत गेल्या. मला हे फार उशिरा कळलं, अकोल्याच्या बाजारात, एका गाडीवानाकडून. तो ते भुताची गोष्ट म्हणूनच सांगत होता. बाभळीखाली ओ दिली आणि वर्षात बायको गेली. मी त्याला विचारलं, "आणि तो माणूस?" तो म्हणाला, "येडा झाला म्हनतेत. गावोगाव फिरते अन् लोकाहिले मुकं राहाले शिकवते."

हे काय असावं, ते मला धामणगावाकडे कळलं. तोवर आगगाडी आली होती, लढाई संपून कापसाचा भाव उतरला होता, पण जमिनीची भूक उतरली नव्हती. मोजणी पुढे सरकत होती आणि मी तिच्याबरोबर. एका सकाळी तिथल्या एका वस्तीच्या कुंपणाबाहेर आमची गाडी थांबली. कुणी चाकाची खिळी बसवत होता. आत हसण्याचा आवाज येत होता, म्हणून तुरीच्या काड्यांच्या कुंपणातून मी पाहिलं.

तुम्ही होता. केस पांढरे झाले होते. समोर पाच-सहा तरणे गडी डोक्यावर ढेकळं घेऊन चालत होते आणि दोन्ही बाजूंना सारी वस्ती त्यांची टर उडवत बसली होती.

"अबे भिक्या, तुही सासू आली पाहाले. लुगडं फेडून चालतं काय असा?"

"त्याच्या डोक्यावर ढेकूळ हाये की डोकंच ढेकूळ हाये, कोनी पाहा गा."

भिक्या फिसकन हसला. तुम्ही लगेच हात वर केलात. "हसला. गेलं वावर. पुन्हा दगडापासून."

"बाबा, हसनं म्हंजे बोलनं नाई," भिक्या कुरकुरला.

"पाटलाले सांगजो थे."

मग एका म्हातारीने गूळ पुढे केला, एकाने शिवी दिली, एकीने रडणारं लेकरू समोर आणून धरलं. गडी चालत राहिले. माझ्याही चेहऱ्यावर हसू आलं होतं. तेव्हा तुम्ही त्यांच्या बाजूने, हातात कागद धरल्यासारखे, हलक्या पावलांनी चालू लागलात. आणि एकदम माझ्या आवाजात म्हणालात, "सोन्या, पाणी पाहिजे का रे?"

शब्द माझे, सूर माझा. अमरावतीच्या ब्राह्मण आळीतला, किंचित लाडिक, दया असलेला. मी किती दयेने बोललो होतो ते मला तेव्हा कळलं.

एकानेही तोंड उघडलं नाही. सारी वस्ती गप्प होती. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत, तिसऱ्यांदा विचारलंत. गडी पुढे निघून गेले आणि त्यांनी समोरच्या दगडाला हात लावला.

"हां," तुम्ही तुमच्या आवाजात म्हणालात. "शिवी पचते. गूळ बी सोडता येते. मायेनं इचारलं तं तोंड उघडते. तेच पहिलं शिका."

खिळी बसली. मी गाडीत बसलो आणि आपण निघालोच नाही तर बरं, असं वाटत असताना निघालो.

त्या भागातल्या काही वस्त्यांच्या चाली पुढे माझ्यासमोर झाल्या. तिथल्या पाटलांनीही युक्त्या केल्या. कुणी बोललं नाही. 'चाल पुरी झाली' असं मी माझ्या हाताने लिहिलं, आणि प्रत्येक वेळी हात हलका होई. तेवढं माझ्या हातून खरं लिहिलं गेलं ते तुमच्यामुळे. त्या पट्ट्या आजही त्यांच्या आहेत, त्यांवरचं पाणीही. तुम्हाला स्वतःला चालता येत नव्हतं म्हणून तुम्ही किती पाय तयार केलेत.

माझ्या घरी काय झालं तेही सांगतो. त्या दिवसापासून मला कुणाला लांबून हाक मारता आली नाही. मारली की समोरून उत्तर येण्याआधी कानात तुमचं 'जी' येई. म्हणून मी उठून जवळ जाऊन बोलायचो. बायको थट्टा करायची, "इतर बायकांचे नवरे ओरडतात, आमचे चालत येतात." ती जाईपर्यंत तिला वाटत होतं की हा माझा सौम्यपणा आहे. मी ते तसंच राहू दिलं.

आणि मग आपली शेवटची भेट. माझी पेन्शन जवळ आली होती. वैशाखातली दुपार, अकोल्याच्या कचेरीबाहेरचा कडुनिंब. तुम्ही कुठल्याशा वस्तीच्या कामाला लोकांना घेऊन आला होता. ते आत गेले होते आणि तुम्ही एकटे बसला होता. मी तांब्या घेऊन बाहेर आलो होतो. तुम्हाला पाहिलं आणि ठरवलं, आता. चालत तुमच्यासमोर गेलो. वर्षानुवर्षं घोकलेलं वाक्य तोंडात होतं. तुम्ही मान वर केलीत. ओठ फुटलेले होते.

मी म्हणालो, "पाणी पाहिजे का?"

दुसरं काही आलंच नाही, सोनाजी. तोंडात तेवढंच शिल्लक होतं.

तुम्ही किती वेळ माझ्याकडे पाहत होता कोण जाणे. रागाने नाही. साखळीचं दुसरं टोक धरलेला माणूस पाहतो तसं, पुढची खूण कुठे पडते याची वाट पाहत. मग म्हणालात, "आता मी कुठं चालून नाई राहिलो. ओता."

आणि ओंजळ पुढे केलीत.

मी ओतलं. पण उंचावरून ओतलं. तांब्या तुमच्या ओंजळीला लागू नये इतक्या उंचीवरून, जसं माझ्या बापाने ओतलं असतं. धार वाऱ्याने हलली, अर्धं पाणी मातीत गेलं. तुम्ही प्यायलात, मिशा पुसल्यात आणि म्हणालात, "हात सुटत नाई ना?"

मी तांब्या खाली ठेवला.

"असू द्या. मलेही जी सोडाले लय दिस लागले." आत तुमच्या लोकांचा पुकारा झाला आणि तुम्ही उठून गेलात. मला वाटलं, बाहेर याल तेव्हा सांगू. मग साहेबाने आत बोलावलं, आणि मी गेलो.

परवा मी गिरजेच्या घरी गेलो. जाऊन नुसती एक गोष्ट विचारली, "बाबा त्या बाभळीबद्दल काय सांगायचे?"

ती म्हणाली, "तिथं भूत नाई म्हनत. मानूस होता म्हनत."

"कोण, ते सांगितलं नाही?"

"मी लय डाव इचारलं. ते म्हनत, नाव सांगतलं तं लोक त्या एकाच मानसापासून सावध राहतीन. मले त्याहिले आपल्या तोंडापासून सावध कराचं हाये." मग तिने मला सरळ विचारलं, "तुमाले ठावं हाये काय तो कोन?"

मी तिथेही म्हणालो, "लिहून देतो."

म्हणून हे लिहिलं. हाच मजकूर दोनदा लिहून खाली सही केली आहे. एक कागद कचेरीत जाईल, तुमच्या चालीच्या जुन्या कागदाला जोडावा अशी विनंती करून. ते जोडतील का, पाटलांच्या नातवांकडून झिरा सुटेल का, मला माहीत नाही. वस्तीच्या बायका अजून त्या डोहावरच जातात. दुसरा कागद मी स्वतः गिरजेच्या दारात नेऊन वाचणार आहे, मोठ्याने, कारण तिला अक्षर येत नाही आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिने ते ऐकू नये. नातवंडांना खरी गोष्ट काल सांगितली. धाकटी जेवायला माझ्या शेजारी बसली नाही.

आपल्या वादात मी जिंकलो, सोनाजी. तुमचे पाय गेले आणि कागद राहिला, खोटा असून राहिला. आता त्याच्याशेजारी हा एक ठेवतो आहे.

त्या बाभळीखाली 'आपण होऊन' तुम्ही काहीच केलं नाही. जे केलं ते मी. आधी हाक मारली, मग नाही म्हटलं, मग लिहिलं. सगुणाबाईंना खरं उत्तर दिलं नाही. तुम्हाला पाणी दिलं तेही वरून. माझं चुकलं. मला क्षमा करा, असं म्हणायला मी पुष्कळदा तोंड उघडलं, ते आज म्हणतो आहे.

सोनाजी, मी हाक मारतो आहे. या वेळी जी म्हणू नका.